दोन कार्बोरेटरची हिरवी गाडी

लग्न होऊन मी पारोळ्याहून धुळ्याला आले, तेव्हा घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. खानदेशातल्या एका कापड गिरणीत पूर्वी कोणी विलायती इंजिनिअर होता, त्याने ती आणलेली. तो मायदेशी गेला, गाडी गिरणीच्या गोदामात पडून राहिली आणि गिरणी बंद पडल्यावर भंगारात निघाली. माझ्या नवऱ्याने ती तिथून ओढत आणली होती. ते तांत्रिक विद्यालयात लेथवर लोखंड कातायचं काम शिकवत. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. धुळ्यात स्वतःची मोटार असणारे मास्तर बहुधा ते एकटेच असावेत.

गाडी गडद हिरवी, चार दारांची, दिसायला एखाद्या डॉक्टरची असावी इतकी साधी. पण इंजिन पळण्यासाठी बनवलेलं. इतर गाड्यांना एक कार्बोरेटर असतो, हिला दोन होते, आणि दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन खोकायला लागतं. रविवारी सकाळी ते रबरी नळीचं एक टोक कानाशी धरत, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, आणि स्क्रू केसभर फिरवत. मी चहा घेऊन उभी असायचे. चहा निवायचा.

"ऐक," म्हणून एकदा त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. आत कुणीतरी झोपेत लांब श्वास घेतंय असं वाटलं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही निघायचो. कधी साक्रीवरून पिंपळनेरकडे, कधी लळिंगच्या घाटात. वेगाचा काटा मैलांचा होता. रस्ता रिकामा दिसला की ते एकदम गप्प होत, गिअर खाली घेत आणि गाडी अंग आवळून पुढे झेपावायची. एरवी बुजरे असणारे हे गृहस्थ त्या वेळी वेगळेच दिसत. दुपारच्या आत मात्र परत. दिवस कलण्याआधी गाडी शेडमध्ये, हा त्यांचा नियमच होता. मला वाटे, माणूस शिस्तीचा आहे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंना मुक्ताईच्या दर्शनाला घेऊन गेलो. मुक्ताईनगरहून परतताना नशिराबादजवळ टायर बसला, जॅक सरकला, दोन तास तिथेच गेले. एरंडोलला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. गाव मागे टाकल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडून उभे राहिले. मी खाली उतरले.

"काय झालं?"

"प्लग बघतोय."

ते प्लग बघत नव्हते. हात बॉनेटच्या कडेवर ठेवून नुसते उभे होते. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "दिन बुडी गया. आते याले काही दिसत नही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुले माहीत नही? लहानपनपाईन रातले दिसत नही त्याले."

सासूबाईंनी हे इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागही आला नाही. त्यांना खरंच वाटत होतं की मला माहीत आहे.

माझं माहेर तिथून सहा-सात कोसांवर. एक ट्रक येईपर्यंत आम्ही थांबलो आणि त्याच्या मागच्या लाल दिव्यामागे निघालो. "डावीकडे... थोडं उजवीकडे... सरळ, सरळ," असं मी पारोळ्यापर्यंत सांगत राहिले. घरी आईने मला विचारलं, डोळे लाल का? मी म्हटलं, धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या वाटेवर मी विचारलं, "अहो, लग्नाआधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"ते मला ठरवू द्यायचं होतं."

रस्ता मोकळा होता, तरी त्यांनी त्या दिवशी गाडी पळवली नाही.

मग आम्ही नाशिकला गेलो; तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. रात्रीचं न दिसणं ही नुसती सुरुवात आहे, म्हणाले. आता कडेचं दिसणं जात जाईल, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरेल, पुढे तेही राहणार नाही. किती वर्षं, ते सांगता येत नाही. औषध नाही. ह्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गाडी चालवू शकतो?"

"चालवू नका," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत मालेगाव येईपर्यंत ते तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "इंजिनचं हेड काढून घासायला हवं. कॉम्प्रेशन कमी पडतंय."

त्यानंतरच्या तीन वर्षांत त्यांनी त्या गाडीचं जे केलं, ते आधी कधी केलं नव्हतं. हेड घासलं. सायलेन्सरचा पाइप मोठ्या घेराचा बसवला. स्प्रिंगा कापून गाडी चार बोटं खाली आणली. सुटे भाग कुठेच मिळत नसत, म्हणून दुसऱ्या गाड्यांचे पिस्टन आणून लेथवर हवे तसे उतरवले. इंजिनातल्या टॅपेटच्या फटी आधी पट्टी घालून मोजत, नंतर नुसत्या बोटाने सांगू लागले. दर सुधारणेनंतर गाडी आणखी जोरात पळे आणि त्यांना आणखी थोडं कमी दिसे. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळत होत्या. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला तर सांडायचा. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा.

रविवारी आम्ही तरीही जात होतो. मी डावीकडे बसून बोलत राहायचे: बैलगाडी, पोरं, कुत्रं, डावीकडून सायकल. त्यांनी मला तसं करायला कधी सांगितलं नाही, मीही परवानगी मागितली नाही. डॉक्टरांनी नको म्हटलेलं मला माहीत होतं. मी शाळेत शिकवणारी बाई, मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी. पण आठवड्याचे सहा दिवस कोमेजलेला माणूस सातव्या दिवशी उजळतो, हे बघून मी गप्प बसले.

एका रविवारी माझ्याकडे तपासायच्या पेपरांचा ढीग होता. "तुम्ही आज राहू द्या," मी म्हटलं. ते म्हणाले, "नुसता फागणे गावापर्यंत जाऊन येतो." मी वर पाहिलं नाही. लाल पेन तसंच चालू ठेवलं.

शेतात निंदणीला निघालेला एक मजूर फागण्याच्या वळणावर डाव्या हाताच्या गाडीवाटेने सायकलवर आला. ह्यांना तो दिसलाच नाही. नुसता आवाज झाला, असं ते नंतर म्हणाले.

माणूस वाचला. कमरेचं हाड मोडलं होतं. पंचनाम्यात सायकल अचानक आडवी आली असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तो दवाखान्यात होता तोवर हे रोज डबा घेऊन जात. एकदा मी बरोबर होते. तो उशाला टेकून बसला होता, ह्यांचा हात धरून म्हणाला, "भाऊ, मनीच चूक शे. मी देखं नही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. चूक त्याची नाही, हे आता सांगतील, असं वाटलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी तर बोलू शकत होते. मीही बोलले नाही. तो माणूस पुढे काठी घेऊन चालायला लागला, पण शेतातलं वाकायचं काम त्याच्याकडून पुन्हा झालं नाही. गावात कुणाच्या तरी दुकानाबाहेर बसून असतो, असं ऐकलं. आम्ही भेटायला गेलो नाही.

गाडीची चावी त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवून दिली. महिनाभर इंजिन सुरू झालं नाही. ते जेवत, विद्यालयात जात, परत येत. तिथेही आता त्यांना लेथवर उभं करत नव्हते, हत्यारांच्या खोलीत बसवलं होतं. शेवटी मीच म्हटलं, "मला शिकवा."

नकाणे तलावाच्या रस्त्यावर शिकले. साडी खोचून, सीटवर उशी घेऊन. ते शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगत, "आता क्लच. आता सोड. उशीर केलास." रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. मला लायसन्स मिळालं आणि रविवार परत सुरू झाले. पण मी घाबरत चालवायचे. समोर सायकल दिसली की पाय ब्रेकवर जायचा, अगदी शेताच्या बांधावरची असली तरी.

"तू तिला चालवत नाहीस," ते एकदा म्हणाले. "सांभाळतेस."

तोवर नव्वदच्या दशकाची सुरुवात झाली होती. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळे. पारोळ्याच्या सरळ रस्त्यावर त्यांनी विचारलं, "किती?"

काटा पन्नासच्या खाली होता. मी म्हटलं, "सत्तर."

त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला. थोड्या वेळाने काढून मांडीवर घेतला. "छान," म्हणाले. इंजिन किती फिरतंय हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. त्या दिवसानंतर त्यांनी वेग विचारला नाही. नळीही कानाला लावली नाही. कार्बोरेटर बिघडत गेले, गाडी चढावर धापा टाकू लागली, ते खिडकीकडे तोंड करून बसून राहत.

मला ते रविवार जड व्हायला लागले. ती गाडी, तो रस्ता, फागण्याचं वळण, शेजारी बसलेला गप्प माणूस. एका रविवारी सकाळी ते चपला घालून तयार होते. मी म्हटलं, "आज नको. अंग दुखतंय."

माझं अंग दुखत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले आणि चपला काढल्या. पुढच्या रविवारी त्यांनी चपला घातल्या नाहीत. मी वाट पाहिली, की विचारतील. नाही विचारलं.

दोन पावसाळ्यांत शेडचा पत्रा गळून गाडीचा खालचा भाग गंजला. जळगावचा एक मेकॅनिक येऊन ती ट्रकवर चढवून घेऊन गेला. इंजिन त्याला कशासाठी तरी हवं होतं, बाकीचं तो कापणार होता. त्याची माणसं साखळ्या बांधत होती तेव्हा मी आत गेले. हे खाटेवर बसले होते.

"एकदा हात लावून येता?" मी विचारलं.

"नको."

बाहेर साखळी ओढल्याचा आवाज झाला. त्यांनी मान वळवून ऐकलं. मग विचारलं, "भाजी कोणती केलीस?"

"गिलकी," मी म्हटलं, आणि ताट वाढायला गेले.