समुद्राकाठी पडून असलेला दोर

माझे यजमान खलाशी होते; अवजड यंत्रं दोरांनी बांधून उचलायची, हे त्यांचं काम. आम्ही भंडाऱ्याकडचे शेतकरी. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तसे खुर्सीपारला झोपडी बांधून राहिलो. यंत्रं रशियातून जहाजानं विशाखापट्टणमला येत, तिथून रेल्वेनं इकडे. ठेकेदारानं यांना दोन महिने त्या बंदरावर धाडलं होतं.

परत आले त्या रात्री जेवताना म्हणाले, "मालासोबत तिथला तारेचा दोर आला हाय. पावसाळाभर समुद्राच्या काठी पडून होता. वरून ग्रीस चोपडलं, आतून सडला."

"मंग सायबाले सांगा ना."

"सांगतलं. म्हणते, नवा येईपर्यंत वॅगन उभ्या ठेवू काय?"

सकाळी यांनी त्या दोरानं माल उचलायला साफ नकार दिला. मुकादमानं घरी हाकललं आणि शेजारच्या छत्तीसगढी खलाशाला बोलावणं धाडलं. तो निघाला तेव्हा हे त्याच्या दारातच आडवे आले. "नको जाऊ, भाऊ. दोर खराब हाय."

"कुछू नइ होवय, भैया," म्हणत तो हसत गेला.

हे ओट्यावर बसून राहिले. चहा तसाच निवला. थोड्या वेळानं त्याची बायको विरजण मागायला आली, पोटुशी होती. मी वाटीत घालून दिलं. तिला काही सांगावं, असं ओठांवर आलं. यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. ती गेली.

दिवसभर चालणारी लोखंडाची ठोकाठोक दुपारी एकाएकी थांबली. हे अनवाणीच धावले.

तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. ठेकेदार म्हणाला, गाठ चुकीची मारली. यांनी तुटलेल्या दोराचा तुकडा चौकशीच्या साहेबांपुढे नेऊन उलगडून दाखवला. आतून तांबड्या गंजाचा भुगा पडला. पाय गेलेल्या शेजाऱ्याला गेटवर बसून करायची नोकरी मिळाली. यांचं काम मात्र सुटलं. वर्षभर त्यांनी जवळच्या कोहका गावात विटा वाहिल्या.

एकदा मी विचारलं, "खरं बोलल्याचा पस्तावा होते काय?"

"बोलल्याचा नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी त्याले नुसतं सांगत बसलो. हात धरून ठेवाले पायजे होता."