अर्ध्यावरची काडी

पीसमावशी हे नाव तिला मुलांच्या आयांनी दिलं. कापूस लावलेली लांब, लवचीक काडी लहान मुलांच्या नाकात घालून जंतूंचा नमुना काढायचा आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायचा, हे तिचं काम. आधीच्या नर्सबाई दिसल्या की वस्तीतली पोरं पलंगाखाली शिरायची. ही आली की नाक वर करून रांगेत उभी राहायची. "आमची तर चक्क हसते हो! पीस फिरवल्यासारखं वाटतं म्हणे," असं एक आई म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

घरी येऊन तिने हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "वा! लोकांच्या पोरांना पीस, आणि आम्हाला केरसुणी."

खरं काय ते मात्र तिचं तिलाच ठाऊक होतं. शिकवताना बजावून सांगितलं होतं, की काडी सरळ आत न्यायची, नाक संपून घसा सुरू होतो तिथल्या मागच्या भिंतीला टेकवायची आणि तिथे फिरवायची. मूल रडणारच. रडलं नाही तर समजा टेकलीच नाही. पहिल्याच आठवड्यात एका बाळाच्या नाकातून रक्त आलं. दोन-चार थेंबच, पुढे काही झालंही नाही. पण त्या बाळाची आई ओरडली नाही, भांडली नाही, नुसती बाळाला पोटाशी धरून हिच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून हिचा हात अर्ध्यावरच थांबायला लागला. आपल्यालाच समजवायची, थोडं तरी लागलंच असेल की कापसाला.

थोडं लागतही होतं. घोटाळा झाला तो तिथेच.

प्रयोगशाळेत तेव्हा जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना चालली होती. मुलांच्या नाकाघशात एक जंतू राहतो. एरवी बिचारा गप्प असतो, पण उलटला की थेट न्यूमोनिया. त्याचे प्रकार ढीगभर, आणि लस त्यातल्या थोड्यांवरच चालते. म्हणून कुठे कुठला प्रकार फिरतोय हे ओळखायचं. जुनी पद्धत तिथल्या म्हाताऱ्या काकांची. ते आधी नमुना रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवत. मग एकेक ठिपका उचलून त्यात सशाच्या रक्तातून काढलेलं सीरम मिसळत आणि मायक्रोस्कोपला डोळा लावत. नेमकं सीरम जुळलं, की जंतूभोवतीचं कवच फुगल्यासारखं दिसे. "बघ पोरी, गड्याने कोट चढवला!" असं म्हणून काका तिलाही बोलवायचे. तिला कोट दिसायचा की नाही देव जाणे, पण ती "हो, दिसला की" म्हणायची. मग दोघांचा चहा व्हायचा.

नवी पद्धत नव्या मॅडमच्या मशीनची. मशीनला जंतू वाढवावा लागत नाही. तो जिवंत असो, मेलेला असो, जनुकांचा नुसता माग लागला तरी ते प्रकार सांगून मोकळं होतं.

एका दुपारी ती डबा घेऊन आली, तेव्हा दोघं निकाल जुळवत बसले होते.

"काका, हिच्या वस्तीतल्या निम्म्या मुलांत मला जंतू सापडलाय. तुमच्याकडे जवळजवळ कोणातच नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुझ्या मशीनला भुतं दिसतात, बाळ."

"मग ती नेमकी याच वस्तीत बरी दिसतात? दुसऱ्या वस्तीत तर आपलं बरोबर जुळतंय." मॅडम चिडल्या नव्हत्या, उलट अवघडल्या होत्या. "मला वाटतं, इथली मुलं औषधं फार घेतात. जंतू अर्धमेले असणार, ते प्लेटवर वाढत नाहीत. अशा ठिकाणी जुनी पद्धत कमीच पडते, काका. अहवालात तसं लिहावं लागेल."

 काका एक रिकामी प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघत राहिले. ती डबा घेऊन दारातच उभी होती.  औषधं नव्हेत, आपला हात, हे तिला तिथल्या तिथे कळलं. कापसाला लागलेलं थोडंसं मशीनला पुरत होतं, काकांच्या प्लेटला नाही.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. "कोणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग मिठाची गुळणी धर. उद्या काढून टाकतील तुला. म्हातारा तसाही वर्षा-दोन वर्षांत घरी बसणारच आहे."

ती गप्प बसली. त्यापुढे रोज काडी उचलताना ठरवायची, आज मागपर्यंत न्यायची. पण समोरचं पोर विश्वासाने नाक वर करायचं आणि हात जागच्या जागी लुळा पडायचा. इकडे काकांनी चहाला बोलावणं सोडलं. चष्मा नवा आला. प्लेटा दोनदोनदा बनवायला लागले. कोट दाखवायला तर त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

शेवटी एके सकाळी तिला राहवलं नाही. ती प्रयोगशाळेत गेली, तेव्हा काका आपला खण रिकामा करत होते.

"काका, तुमच्या प्लेटांत काही खोट नव्हती. नमुनेच अपुरे होते. माझी काडी मागपर्यंत जातच नाही."

काकांचा हात थांबला. "कधीच नाही?"

"सुरुवातीला जायची. मग एका बाळाला रक्त आलं, आणि..."

"आणि मी काय काय केलं, माहितीये?" काका शांतपणे म्हणाले. "प्लेटांमधलं रक्त बदललं. प्लेटा ठेवायच्या उबदार कपाटाचा थर्मामीटर बदलला. चष्मा बदलला. मग पुन्हा डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, डोळे छान आहेत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय. म्हणून लिहून दिलं आपल्या मोठ्या सरांना, आता मला दिसत नाही, मोकळं करा."

"मी आत्ता जाते सरांकडे! सगळं सांगते."

"सांग. सांगायलाच हवं. पण जुनी पद्धत बंद झालीय, पोरी. सीरमची मागणीसुद्धा रद्द झाली. आता माणूस ठेवतील कशाला?"

"रागवा तरी मला, काका."

त्यांनी मायक्रोस्कोपवर कापडी टोपरं ओढलं, त्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. "पोरांना खरंच दुखायचं नाही?"

"नाही."

काकांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

सरांनी ऐकून घेतलं. कपाळाला हात लावला. अहवाल केव्हाच वर गेला होता, आणि मशीन ठेवायचं तर ठरलंच होतं. दुसरं माणूस मिळेना म्हणून तिला काढलंही नाही. "वस्तीतले सगळे नमुने पुन्हा घ्या. नीट घ्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरात ती हसरी मुलगी नाक वर करून उभी राहिली. मावशीने तिचं डोकं एका हाताने घट्ट धरलं आणि काडी आत नेली, आणखी आत, भिंतीला टेकेपर्यंत. मुलगी किंचाळली. काडी फिरली, थांबली, बाहेर आली. "आज झालंय तरी काय तुम्हाला, मावशी?" आई म्हणाली. पुढच्या घरापर्यंत आवाज पोचलाच होता. तिथलं पोर पलंगाखालून ओढून काढावं लागलं.

संध्याकाळी ती सवयीने डबा घेऊन काकांच्या टेबलापाशी गेली. उबदार कपाटाचं बटण बंद होतं, दार उघडं, आतले खण कोरडे ठणठणीत. तिने हात घालून पाहिला. गार होतं.

"इकडे द्या, मावशी," मागून मॅडम म्हणाल्या. काडी उजेडात धरून त्यांनी पाहिली. "आज छान आलाय नमुना."