दोरे कापणारी आत्या

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलचे कपडे शिवतात. डॉक्टरांचे कोट, पेशंटचे झगे, असलं सगळं. चाळीस मशिनं, एक भोंगा, आणि हजेरीच्या खिडकीत मी. कोण किती वाजता आलं, कोणी किती नग काढले हे मांडायचं माझं काम, त्यामुळे माझ्यावर जीव टाकणारं तिथे कोणी नाही. अपवाद एका आत्याचा.

आत्या म्हणजे माझी आत्या नव्हे. तिची भाची कधीकाळी इथे काजं करायला होती. तिची हाक ऐकून बाकीचेही तसंच म्हणू लागले. भाची लग्न होऊन गेली आणि आत्या मालकापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची होऊन बसली. काम तिचं एकच, शिवून आलेल्या कपड्याचे लोंबणारे दोरे कापायचे. हातात छोटी कात्री, गळ्यात लटकणारा चष्मा आणि पायाला भिंगरी. बसली बसली म्हणेपर्यंत उठलेली असायची. कधी या मशिनपाशी, कधी त्या टेबलापाशी. मला याचा राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण रिकामी खुर्ची दिसली की जास्तच.

गेल्या वर्षी मुख्य कचेरीत मनुष्यबळ विभाग सुरू झाला. नाव भारदस्त, आत बाई एकच. या बाईंनी मला तक्ता पाठवला. प्रत्येकाचं काम एका ओळीत लिहायचं, समोर रोजचे नग. जे फार मागे असतील त्यांना महिनाअखेरीला निरोप. दोरे कापणाऱ्या बाकीच्या तिघी रोज तीनशेच्या घरात होत्या. आत्या एकशे चाळीस.

तो आकडा लिहिताना माझं पेन अडलं. आत्याच्या घरी ती आणि अंथरुणाला खिळलेला तिचा भाऊ, दोघंच. कमावणारी ती एकटी. या वयात तिला दुसरं काम कोण देणार? मी तिला खिडकीपाशी बोलावलं.

"आत्या, शेवटचा आठवडा हातात आहे. तेवढे दिवस जागेवरून हलू नका. नुसते दोरे कापा."

"आणि कोणाला काही लागलं तर?"

"लागू दे. त्यांचं ते बघतील. तुमची नोकरी जायची वेळ आलीय."

तिने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "बरं," म्हणाली. "तू म्हणतोस तर बसते."

आणि खरंच बसली. पहिल्या दिवशी तीनशे दहा, दुसऱ्या दिवशी तीनशे तीस. तिघींपेक्षा वरचढ! मी मनात म्हटलं, हात तर विजेसारखा आहे, मग इतकी वर्षं बाई गावभर हिंडत का होती? स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश झालो होतो.

तिसऱ्या दिवशी डावरी रडताना दिसली. ही डाव्या हाताने काम करणारी पोरगी. मुकादमाने तिला टोकाच्या जागेवरून उठवून ओळीच्या मध्ये बसवलं होतं आणि शेजारणीशी तिचं कोपरायुद्ध चाललं होतं. चौथ्या दिवशी तर कहरच झाला. आमचे एक मास्तर आहेत, कोटाला बाह्या लावणारे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. हाताला इतके साफ की त्यांचं काम कोणी तपासतही नाही. त्या दिवशी त्यांनी साठ मोठ्या कोटांना लहान बाह्या लावल्या. असे कोट की डॉक्टरांनी हात घातला तर तो काढायला दुसरा डॉक्टर बोलवावा लागेल.

मुकादम तोंडाचा पट्टा सोडून उभा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडण्यात काय हशील, पण सवय. मास्तरांनी शांतपणे एक गठ्ठा उचलला, त्याची गाठ दाखवली आणि आत्याकडे बोट केलं. आत्या मान खाली घालून दोरे कापत होती.

"गाठीचं काय आहे, आत्या?" मी विचारलं.

"कटिंगवाला गठ्ठा देताना माप ओरडून सांगतो. लेबल लागतं सगळ्यात शेवटी. मग यांना माप कळणार कसं? म्हणून मी चिंधी बांधते. मोठ्याला तांबडी, मधल्याला निळी, लहानाला पांढरी."

"कधीपासून?"

"ते आले तेव्हापासून. नऊ वर्षं होतील. आधी बांधून ठेवलेले गठ्ठे काल संपले."

"मग या आठवड्यात का नाही बांधली?"

तिने वर पाहिलं. "तूच बस म्हणालास ना रे."

आमच्या नोटीसबोर्डावर एक मोठा फोटो आहे, मास्तर, डावरी आणि आणखी काहीजण हसतायत, वर लिहिलंय की आमच्याकडे सर्वांना स्थान आहे. स्थान कंपनीने दिलं असेल, पण बसवायची ती आत्या. विचारल्यावर कळलं, डावरीला ओळीच्या डाव्या टोकाला जागा तिनेच मिळवून दिली होती. बुटक्या इस्त्रीवाल्याच्या पायाखाली ठोकळाही तिनेच सरकवला होता. आणि मी खिडकीतून तिची रिकामी खुर्ची मोजत होतो.

"उद्यापासून मला उठू दे," आत्या म्हणाली. "नग कमी भरले तर भरू देत. नाव काप हवं तर. पण माणसं अशी अडलेली बघून मला बसवत नाही."

तिचं नाव कापायचं माझ्या जिवावर आलं. मी तक्त्यात एकशे चाळीसच लिहिले, आणि मागच्या कोऱ्या बाजूला जे पाहिलं ते सगळं. साठ कोटांसकट, आणि ते माझ्यामुळे झालं यासकट. आयुष्यात पहिल्यांदा मी कचेरीला इतकं लांब पत्र लिहिलं.

बाई स्वतः आल्या. मला वाटलं होतं झापतील. त्यांनी स्टूल मागितलं आणि आत्यापाशी बसल्या.

"तुमचं काम काय असतं?"

"दोरे कापते."

"आणखी?"

"आणखी काही नाही," आत्या घाबरून म्हणाली, आणि तेवढ्यात मास्तरांचा गठ्ठा आला म्हणून उठलीच. बाई वही घेऊन तिच्या मागे. दिवसभर दोघींची वरात चालू होती.

दहा दिवसांनी कागद आला. आत्या खिडकीशी उभी राहिली. "तूच वाच. मला धीर होत नाही."

मी वाचलं. नोकरी कायम. काम असं: नव्या माणसाला त्याच्या हाता-उंचीप्रमाणे जागा लावून देणे. गठ्ठ्यांना मापाच्या चिंध्या बांधणे. कोणाचं काम अडलं तर पाहणे. उरलेल्या वेळेत दोरे कापणे.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं.

"हे कामात धरतात?"

"आता धरलंय."

तिने खिडकीचा गज धरला. "मला वाटायचं, मी कंपनीचा वेळ चोरते. म्हणून भोंगा झाल्यावर रोज मागे थांबायचे. अर्धा तास, कधी पाऊण. तेवढे दोरे कापून टाकायचे. भरून निघालं असेल ना रे?"

माझ्या हजेरीत तिची सुटी रोज भोंग्याबरोबरच लिहिलेली आहे. कारण भोंगा झाला की खिडकी लावून मीच पहिला बाहेर पडतो. मागे कोण बसलंय हे मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"निघालं, आत्या," मी म्हणालो.

भोंगा झाला. सगळे उठले, आणि ती सवयीने टेबलाकडे वळली. मी खिडकी तशीच उघडी टाकून बाहेर आलो, तिच्या हातातली कात्री घेतली आणि तिची पिशवी तिच्या खांद्याला लावली.

"चला घरी," मी म्हटलं. "भाऊ वाट बघत असेल."