फ्लॉपीला लावलेलं कुंकू

सुमे, अशी जवळ ये. बावधनहून पौडला यायला वर्ष लागतं गं? एस.टी. बंद पडल्या, का आत्याला विसरलीस? बस आता, गुमान ऐक.

गेल्या खंडेनवमीला, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, आमचा कॉम्प्युटर मी कुंकू लावून बंद पाडला.

माझ्या अलकानं तो टायपिंगच्या कामासाठी आणलेला. पौडातला पहिलाच म्हण! (बघायला येणाऱ्यांना मी चपला बाहेर काढायला लावायची.) कचेरीच्या मतदारयाद्यांचं पहिलंवहिलं काम तिला मिळालं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी याद्या द्यायच्या, नाहीतर काम पुण्याला जाणार. आणि "पोरीच्या जातीला जमतंय व्हय?" म्हणणारे टपलेलेच होते!

खंडेनवमीला मी कोयता, विळी, ह्यांचे पाने-पकडी, सगळं धुऊन पाटावर मांडलं. कॉम्प्युटर काही उचलेना. मग त्याच्या तोंडातली फ्लॉपीच ओढून काढली. वीतभर काळं चौकोनी पाकीट, त्याला लांबट खिडकी. म्हटलं, कपाळ हेच! हळद लावली, ओलं कुंकू लावलं, वर अक्षता.

अलकानं ती परत आत घातली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"काय म्हंतंय गं?"

"मूळ फ्लॉपी घाल म्हंतंय. आई, काय केलंस तू हिला?"

"पूजा!"

"आता मराठी उमटायचं न्हाई. मराठीचा प्रोग्रॅम हिच्यातच हाय, हीच फ्लॉपी लागती."

"मग दुसरीवर नक्कल काढ की!"

"नक्कल चालत न्हाई. कंपनीनं तसं कुलूपच घातलंय."

मी तरातरा पोस्टात गेले आणि कंपनीला पुण्याला फोन लावला. साहेब म्हणाला, "फ्लॉपी आणि तीन प्रतींत अर्ज पाठवा. महिन्यानं नवी मिळेल. पाकीट उघडू नका, करार मोडतो."

"आवो, मशीन आमचं, लाइट आमची, पोरगी आमची, आन् परवानगी तुमची?"

"बाई, फ्लॉपी तुमची, पण तिच्यात जे आहे ते आमचं."

"मग तुमचं ते कुंकवात बुडालंय, या पुसायला!"

फोन आपटला. (त्यानं! माझं अजून चाललंच होतं.)

घरी अलका रडवेली. मी कात्री घेतली.

"आई, करार!"

"तुझ्या याद्या वाचवायच्या का त्यांचा करार?"

कड कापली. आतून पापडासारखी काळी चकती निघाली. साध्या पाण्यात हलकेच खळबळली, जुन्या मलमलीनं टिपली, सावलीत वाळवली. दुसऱ्या एका फ्लॉपीचं पाकीट कापून त्यात सरकवली आणि दिली मशीनच्या तोंडात. घरघर… घरघर… मी तेहतीस कोटींना हाका मारल्या (कुंकू मात्र कुणाला दाखवलं नाही!). आणि पडद्यावर मराठी अक्षरं! हुश्श! जीव असा भांड्यात पडला म्हणतेस! याद्या वेळेवर गेल्या, पुढचं कामही अलकालाच मिळालं.

मग काय, महिनाभर मी एस.टी. स्टँडवर सगळ्यांना ऐकवत होते, "आपल्या मशीनवर आपलंच राज्य पायजे!" आणि इकडं अलकानं सुताराकडून मशीनला लाकडी पेटी करून घेतली, कडी-कोयंड्यासकट. किल्ली कमरेला लावून म्हणाली, "आई, तू आता लांबनंच नमस्कार करायचा."

तेव्हा सुमे, दिवाळीच्या आत परत ये बाई. त्या मशीनला हात लावायची तुला परवानगी हाय, शेजारणीला हाय, पोस्टमनलासुद्धा हाय. घरात न्हाई ती एकट्या मला!