दादांचा उघड्या डोळ्यांचा फोटो

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा आवाज एवढा मोठा आहे, की मी गंगापूर रोडला बटण दाबलं तर पंचवटीतली कबुतरं उडतात. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. हा डीएसएलआर मी घेतला तेव्हा तो दुकानातला सगळ्यात साधा, शिकाऊ माणसांसाठीचा होता. मी शिकाऊच राहिलो, तो म्हातारा झाला. त्याच्या पोटात धुळीचा एक कण असा काही जाऊन बसलाय, की प्रत्येक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका येतो. मी लोकांना सांगतो, ती घार आहे. त्र्यंबकच्या डोंगरावर ती शोभते. पण मंगल कार्यालयाच्या आतसुद्धा, आहेर घेणाऱ्या नवरदेवाच्या डोक्यावर तीच घार घिरट्या घालते, तेव्हा समजावताना जरा घाम फुटतो.

तरी आमच्या नात्यातलं एक लग्न, एक बारसं या कॅमेऱ्यावाचून झालेलं नाही. दिवसभर कचेरीत कारकुनी आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा, असा माझा जन्म चाललाय. आणि अशा माणसाच्या घरात, भिंतीवरच्या आईच्या फोटोची गत ऐका.

आई गेली तेव्हा माझ्याकडच्या फोटोंच्या ढिगाऱ्यात तिचा एकटीचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी एका लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढली. स्टुडिओवाल्याने तिला खेटून उभ्या असलेल्या कोणा बाईचा हात पुसला, पण एक बोट राहून गेलं. आईच्या खांद्यावर ते आजही आहे. कोणाचं, ते ठरलेलं नाही. वर्षश्राद्धाला नात्यातल्या झाडून सगळ्या बायकांनी काचेवर आपापलं बोट लावून पाहिलं, एकीचंही जुळलं नाही.

माझ्या वडलांना, म्हणजे आमच्या दादांना, ते बोट डाचतं. दादा इगतपुरीला रेल्वेत पॉइंट्समन होते. गाड्यांचे रूळ बदलायचे, डबे जोडायचे, सोडायचे. रिटायर होऊन जमाना झाला, आता आमच्याजवळच राहतात. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीच्या आतले फोटो काढले आणि सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात ते जरा जोखमीचं असतं. ‘जरा’ हा शब्द डॉक्टर ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून मलाच धाप लागली.

दादा शांत होते. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, “आधी फोटो, मग आपरेशन.”

“कसला फोटो?”

“माझा. एकट्याचा. डोळे उघडे असलेला. भिंतीवर गेल्यावर मला कोणाच्या बोटाखाली ऱ्हायचं नाय.”

“दादा, असं काही बोलू नका हो,” बायको म्हणाली.

“बोललो नाय तर हा काढणार हाय का? फोटो नाय, तर दवाखाना नाय. सांगून ठिवतो.”

दादा एकदा बोलले की बोलले. त्यांनी म्हणे एकदा सिग्नल मिळेपर्यंत साहेबाच्या खास गाडीला घाटमाथ्यावर एवढं थांबवलं होतं, की साहेबाची दाढी वाढली. तेव्हा मी निमूट जुना कॅमेरा काढला. दादांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं, मागे पांढरी चादर, अंगात इस्त्रीचा सदरा. बटण दाबलं. खटाक्! डोळे मिटलेले. पुन्हा खटाक्. मिटलेले. शंभरदा म्हटलं, “दादा, डोळे उघडे ठेवा,” शंभरदा मिटलेले. घार मात्र प्रत्येक फोटोत टक्क जागी.

“अरे, मी काय करू?” दादा म्हणाले. “डबा डब्याला भिडला की खट् व्हायचं आन् कचरा उडायचा. खट् झालं की डोळे मिटायचे, नायतर गेला डोळा. चाळीस वर्षांची सवय हाय ती.”

मग माझ्या ध्यानात आलं, त्यांच्या सगळ्या फोटोंत ते झोपलेले का दिसतात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते अक्षता टाकतानासुद्धा झोपलेत. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, त्यांना लग्न पसंत नव्हतं.

ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली. माझी बहीण नामपूरला दिलेली आहे. तिकडे राहून तिची बोली पार तिकडची झालीय. ती रोज फोन करायची. “काढा का नही रे भाऊ फोटो?” दादांच्या प्रकृतीचं आधी विचारावं की फोटोचं, हे तिलाही सुचत नसावं, मग ती फोटोचंच विचारायची. मी रात्रंदिवस दादांच्या छातीकडे बघत असायचो. वर-खाली होतेय ना? झाली. पुन्हा झाली. वरणभाताचा घास माझ्या तोंडात तसाच राहायचा.

अशात पुण्याहून माझी मुलगी आली आणि तिने आपला नवा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. मिररलेस.

“बाबा, याच्यात आरसा नाही.”

“मग हा बघतो कशात?”

तिने माझ्या डोळ्याला कॅमेरा लावला. सांगतो काय होतं ते. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो. तुम्ही खिडकीला डोळा लावता तेव्हा खरंखुरं जग त्या आरशातून दिसतं. पण बटण दाबलं की आरसा खटाक् करून वर उठतो आणि नेमक्या त्या पळाला खिडकी काळी होते. म्हणजे जन्मभर मी जे जे टिपलं, ते टिपलं जाताना मी स्वतः पाहिलेलं नाही! इतकी मंगळसूत्रं घातली गेली, मी प्रत्येक वेळी अंधारात. नव्या कॅमेऱ्यात खिडकीच्या आत इवलासा टीव्हीच बसवलाय. फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दिसतं. काढताना खिडकी काळी होत नाही. आवाज बंद ठेवला तर मांजर दूध पिऊन जाईल इतका मुका. जुन्याने संध्याकाळनंतर काढलेल्या फोटोंवर रवा सांडल्यासारखा दिसतो, हा नवा देवघरातल्या समईच्या उजेडात आजूबाजूच्या मुंग्या मोजून दाखवतो. आणि माणूस समोर आला की त्याच्या डोळ्यावर एक छोटी चौकट आपोआप जाऊन बसते, डोळ्यामागे डोळ्यामागे फिरते.

एकच खोट. जुन्याची बॅटरी दिवाळीला भरली की होळीपर्यंत मागे वळून बघत नाही. नव्याची, चहाला आधण येईपर्यंत टिकली तर नशीब.

“आता दादांचा फोटो निघालाच समजा,” मुलगी म्हणाली आणि कॅमेरा नि चार्जर माझ्या ताब्यात देऊन पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना पुन्हा बसवलं. चौकट त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसली. मी बटण दाबलं. आवाज नाही. डोळे उघडे! मी आनंदाने दाबत सुटलो. पण दादा काही बदलेनात. ताठ बसलेले, छाती भरलेली, डोळे वटारलेले. चेहरा लाल झाला, मग जांभळट.

“दादा?” मी म्हटलं. “दादा!”

ते हलेनात. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “अहो, त्यांनी श्वास धरलाय! दादा, श्वास घ्या! श्वास घ्या आधी!”

दादांनी भसकन श्वास सोडला, खोकले, पाणी प्याले, आणि माझ्यावर खेकसले, “अरे, खट् कुठं झालं? काढतोस का बसून ऱ्हायलास?”

त्यांच्यासाठी खट् म्हणजे काम झाल्याचा सिग्नल. तो झाल्याशिवाय हलायचं नाही, श्वासही सोडायचा नाही. जुन्या कॅमेऱ्याने डोळे मिटत होते, नव्याने माणूस जात होता. मी बहिणीला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन. “हाऊ काय फोटो शे? दादा इंजिनखाली सापडल्यासारखे दिसताहेत!”

आता दवाखान्यात दाखल व्हायला एकच दिवस उरला होता. दादा पिशवी भरायला हात लावू देत नव्हते. मला एक बेत सुचला. बायकोच्या हातात जुना कॅमेरा दिला आणि सांगितलं, “तू समोरून खटाक् कर. दादा डोळे मिटतील, मग त्यांना वाटेल काम झालं, ते सैल पडतील. तेव्हा मी बाजूने मुक्याने काढतो.”

“म्हणजे मी नुसता आवाज करायचा?”

“मी इतकी वर्षं तेच करतोय.”

दादा बसले. बायकोने कॅमेरा उचलला, खटाक् झालं, खाली पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. दादांनी डोळे मिटले. श्वास सोडला. डोळे उघडले, खोलीतल्या भिंतीकडे पाहिलं, तिथे आई होती बोटासकट, आणि तिच्याकडे बघतच म्हणाले, “झालं एकदाचं. चहा ठेव गं सूनबाई.”

तो फोटो मी काढला. काढताना पाहिला. खिडकी काळी झाली नाही. गॅलरीतला उजेड गालावर, ओठ किंचित उघडे, डोळ्यांत आईला चिडवताना असायचं ते हसू. घारही नव्हती. मी जन्मात एवढा चांगला फोटो काढलेला नाही.

पण त्या इवल्या टीव्हीत बघता बघता फोटोभोवती फ्रेम आली. फ्रेमवर हार आला. खाली उदबत्तीसुद्धा लागली. मला काहीच कल्पावं लागलं नाही, तो फोटो स्वतःच तयारी करून आल्यासारखा दिसत होता. दादांनी जे मागितलं होतं ते देऊन टाकलं, तर मग त्यांना इथे अडकवून ठेवणारं काय उरलं?

“आला का नीट?” दादांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “मिटले पुन्हा.”

बायको एव्हाना माझ्यामागे येऊन खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होती. तिने फोटो पाहिला, मग मला पाहिलं. “हो ना,” ती म्हणाली, “पुन्हा मिटले दादा तुमचे.”

“मग मी जात नाय,” दादा म्हणाले.

घ्या! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो दाखवला तर भीती, नाही दाखवला तर दवाखाना बंद. तेवढ्यात बायको पुढे झाली. “दादा, तुमच्या रेल्वेत बदली माणूस आल्याशिवाय ड्युटी सोडता यायची का?”

“छ्या! सोडली तर नोकरी जायची.”

“मग ही फोटोची ड्युटी अर्धी राहिली ना? ती पुरी करायला परत यावंच लागणार तुम्हाला. दवाखान्यात हजेरी लावून या. बदली माणूस काही मिळायचा नाही.”

दादा खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, “माझी पिशवी भर. आन् ते जुनं डबडंच वापरा पुढच्या बारीला. त्याला निदान बोलता येतं.”

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेताना ते नर्सला सांगत होते, “बाई, माझा फोटो बाकी हाय, लय वेळ लावू नका.” दार बंद झालं. आम्ही बाहेर बाकावर. माझ्या पिशवीत नवा कॅमेरा आणि त्याचा चार्जर होता. न राहवून मी काढला, पडद्यावर दादा आणले. गाल, ओठ, ते हसू. बघत राहिलो. आणि बघता बघता पडदा काळा झाला.

बॅटरी! मला ठाऊक होतं, बॅटरीच. पण आत दादांची छाती उघडलेली आणि इथे माझ्या हातात त्यांचा चेहरा विझलेला. मी असा पळालो की दवाखान्याच्या तिन्ही मजल्यांवरचे पेशंट बरे होऊन बघायला उठले. एका वॉर्डबॉयच्या पाया पडायचा बाकी राहिलो, तेव्हा त्याने पाण्याच्या मशीनचा प्लग काढून मला जागा दिली. मी जमिनीवर बसून त्या चार्जरच्या दिव्याकडे डोळे लावले. बायको शोधत आली, माझ्या शेजारी जमिनीवरच बसली. दिवा लाल होता. लालच होता. लोक तहानलेले येऊन जात होते, शिव्या देत होते. नर्स आली तेव्हाही तो लालच होता.

“तुम्हीच का फोटोवाले?” ती म्हणाली. “शुद्धीवर आलेत. फोटो बाकी आहे म्हणतात.”

दादा आता जिना चढतात, मध्ये एकदा थांबून. दर रविवारी सदरा घालून गॅलरीत बसतात. बायको जुना कॅमेरा धरते, खटाक् होतं, मी म्हणतो, “मिटले.” ते म्हणतात, “अरेरे. पुढच्या रविवारी बघू,” आणि चहा मागवतात. तो चांगला फोटो कार्डावर आहे. छापायला दिलेला नाही.

गेल्या रविवारी बायको खटाक् करत असताना मी सहज बाजूने नवा कॅमेरा डोळ्याला लावून बसलो होतो. चौकट दादांच्या डोळ्यावर होती. बायकोचं बोट बटणावर टेकलं, अजून दाबलं गेलं नव्हतं, खट् व्हायचं होतं, कबुतरं जागेवर होती. आणि माझ्यासमोर, उजेडात, दादांनी आधीच घट्ट डोळे मिटून घेतले.

मग खटाक् झालं.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“मिटले,” मी म्हटलं.