त्यांच्या घरातला ताप

गंगापूर रोडच्या बंगल्याच्या गेटवर वॉचमन पाठीला पंप लावून उभा असायचा. द्राक्षबागेत औषध मारायचा पंप, आत जंतुनाशक. मी आले की वहिनी गॅलरीतून ओरडायच्या, "मावशीला मागून पण मार रे. केसांवर मार." मी डोळे मिटून, हात वर करून गोल फिरायची. लुगडं ओलं व्हायचं. डोळे चुरचुरायचे. एकदा त्यांची सासू हसून म्हणाली, "नीट मार, घडात कीड राहायला नको."

मग मी आत जाऊन त्यांच्या पोळ्या लाटायची.

करोनाच्या दुसऱ्या लाटेतली ही गोष्ट. माझं वय साठीच्या पुढं. अंगात एकच किडनी. दुसरी माझ्या पोरीला, मंगलला दिलेली. सिन्नरच्या कारखान्यात पॅकिंगला असताना तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी तिला लागली. पण अंग परक्याचं मांस ठेवून घेत नाही. म्हणून तिला रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या. त्या गोळ्या अंगाची ताकद मारून ठेवतात. साधी सर्दी तिला महागात पडते. हे मी वहिनींना कामाला लागले त्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "अगंबाई, जप हं तिला."

मार्चमध्ये त्यांचा मोठा मुलगा खोलीत झोपून राहिला. त्याचं ताट मीच उचलायची, मीच घासायची. मी विचारलं, "वहिनी, दादाला ताप हाय का?"

"नाही गं. ऊन लागलंय बागेत."

मी विश्वास ठेवला. त्यांच्या घरातून आपल्याला काही लागेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मीसुद्धा रोग माझ्याच अंगावर आहे असं धरून रोज गोल फिरत होते. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

पाचव्या दिवशी मला कणकण आली, सातव्या दिवशी मंगलला धाप लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची एक गोळी बंद केली, अंगानं आजाराशी लढावं म्हणून. दुसरा उपाय नव्हता. अंग लढलं. आधी करोनाशी, मग माझ्या किडनीशी.

तेव्हाच वॉचमनचा फोन आला. "मावशी, दादाचा रिपोर्ट आधीच आला होता. बोलू नको म्हणाले. माल तोडणीला आलाय, घर सील झालं तर व्यापारी फिरकणार नाहीत."

मग वहिनींचा. "महापालिकेचे लोक विचारतील. आमचं नाव घेऊ नकोस. भाजीबाजारात लागला म्हण. तुम्ही लोक कुठं मास्क लावता?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी महापालिकेची नर्सबाई वही घेऊन दारात आली. म्हणाली, "आजी, कुठून लागण झाली?" मी बंगल्याचं नाव सांगितलं. गल्ली सांगितली. मुलाचं नाव सांगितलं. तिचा पेन थांबला.

"मोठी माणसं आहेत, आजी."

"लिव. मला वाचता येतं. लिवलेलं दाखव."

तिनं लिहिलं. पुढं काही झालं नाही. त्यांचा माल बाजारात गेला. माझं ते काम गेलं, शेजारच्या दोन बंगल्यांचंही गेलं.

मंगल जगली. किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसच्या खुर्चीत बसते. एकदा मशीनकडं बघत म्हणाली, "आये, तुझी किडनी मी वाया घालवली."

"गप. तू नाही घालवली."

तिला दुसरी मिळेल असं मला वाटत नाही. माझ्याकडं द्यायला उरली नाही.

आता एकाच घरी पोळ्या करते. रोज उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारते, घरात कुणी आजारी आहे का. लोकांना राग येतो. येऊ दे. उत्तर मिळाल्याशिवाय आत जात नाही. आणि मंगलला काय झालं असं कुणी विचारलं, तर नुसतं करोना म्हणत नाही. त्या घराचं नाव घेते. जीभ चालते तोवर घेणार.