वनीची पाळी

“दादा, आज माझी पाळी हाय,” वनी म्हणाली आणि माझ्या हातातली दोरी सुटली. अर्धा उभा राहिलेला तंबू आमच्या दोघांच्या अंगावर बसला.

तंबूखालून बाहेर येईपर्यंत मी स्वतःला सावरलं होतं. कॅम्पच्या आधी आमचं ब्रीफिंग झालं होतं, म्हणजे काय करायचं आणि काय नाही हे समजावून सांगणारी मीटिंग. त्यात एका डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, की एखाद्या मुलीने पाळी आल्याचं सांगितलं तर लाजायचं नाही, कुजबुजायचं नाही, तिला धीर द्यायचा आणि व्हॉलंटियर मुलींपैकी कोणाला तरी कळवायचं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी परीक्षेसारखी पाठ करतो.

कॅम्प होता डहाणूजवळ, किनाऱ्यालगतच्या एका शाळेच्या मैदानात. तलासरीकडच्या एका बालगृहातली मुलं पहिल्यांदाच मुक्कामाला बाहेर आली होती. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये ‘बडी’ची पद्धत आहे. चार-पाच मुलांमागे दोन व्हॉलंटियर, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांचं खाणं-पिणं, रुसवे-फुगवे सगळं त्या दोघांनी बघायचं. माझ्या जोडीला श्रद्धा होती. ती बाकीच्या मुलांना घेऊन समुद्र दाखवायला गेली होती. बारा-तेरा वर्षांची वनी तेवढी मागे थांबली होती. का, ते मी विचारलं नव्हतं.

“अगं, त्यात घाबरायचं काही नसतं,” मी म्हणालो.

“मी कुठं घाबरलीय?”

“छान. पोटात वगैरे दुखतंय?”

“नाय. भूक लागलीय.”

“पहिल्यांदाच का?”

“दुसऱ्यांदा. मागं दिवाळीनंतर आली होती.”

“एवढी लांबली?”

“मग? बाकीच्या पोरी हायत ना. सगळ्यांची झाली की मग माझी.”

हे ऐकून तरी मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी आपला गंभीर चेहरा करून मान हलवत राहिलो.

“मग जाऊ का चुलीकडं?” तिने विचारलं.

“जायला काहीच हरकत नाही. आपण असलं काही मानत नाही,” मी म्हणालो. स्वतःचं मला फार कौतुक वाटलं. “पण आज तू आराम कर. स्वयंपाकाचं आम्ही बघतो.”

“तुम्ही?”

“हो. तू अजिबात काळजी करू नकोस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या उभ्या तंबूत जाऊन बसली. मी श्रद्धाला फोन करून लवकर यायला सांगितलं, ‘थोडं पर्सनल आहे’ म्हणून. तोवर खिचडीची तयारी करावी म्हणून तीन विटा मांडल्या, लाकडं रचली, चूल पेटवली.

श्रद्धा आली ती फर्स्ट एडचा डबा घेऊन थेट तंबूत शिरली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं.

“अरे येड्या, ती पाळी नाही. स्वयंपाकाची पाळी!”

मागोमाग बालगृहाच्या मावशी आल्या. मुलांबरोबर मुक्कामाला त्याच आल्या होत्या. काय झालं ते ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. आमच्याकडे रांगेत नंबर लागतो, कॉलेजात ड्युटी लागते. पाळीचा हा दुसरा अर्थ मी पुस्तकात वाचला असेल, पण कोणी रोजच्या बोलण्यात वापरताना ऐकला नव्हता. बालगृहात मात्र तोच चालतो.

मावशींनी समजावून सांगितलं. तिथल्या बऱ्याच मुलांना आपला वाढदिवस नक्की माहीत नसतो. म्हणून वाढदिवसाऐवजी मोठ्या मुलींची रविवारी एकेक करून पाळी लागते. जिची पाळी तिने काय करायचं ते ठरवायचं, तिनेच वाढायचं आणि त्या दिवशी सगळ्यांनी तिचं ऐकायचं. वनीने बरेच महिने या रविवारची वाट बघितली होती. समुद्राकाठी जायचंय कळल्यावर बोंबलाचं कालवण करायचं तिने मनात पक्कं केलं होतं.

“मग करू दे ना,” मी म्हणालो.

“आता कसं?” वनी तंबूच्या तोंडाशी आली होती. डोळे लाल. “चूल पेटवली ना तुम्ही. जो चूल पेटवेल त्याची पाळी.”

समुद्रावरून परतलेली मुलं भोवती जमली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम म्हणजे नियम.

“म्हणजे माझी पाळी झाली?” मी विचारलं. श्रद्धा पुन्हा हसायला लागली. वनी हसली नाही.

मी बादलीभर वाळू आणली आणि चुलीवर ओतली.

“अरे, काय चाललंय?” शाळेच्या व्हरांड्यातून आमचे सर ओरडले. “खिचडीचं काय?”

“सर, चूल चुकली!”

दुसऱ्या कडेला मी कोऱ्या विटा आणून ठेवल्या. त्यांना हात लावून, वाकून बघून मुलांनी बराच खल केला. शेवटी सगळ्यात लहान पोराने निकाल दिला, “ही चूल वायली. हिच्यात अजून कोणी आग नाय घातली.”

मी काड्यापेटी वनीच्या हातात दिली. तिने ती घेतली, पण पेटवली नाही. “बोंबील कुठायत?”

बोंबलाचं मात्र मी बघू शकत होतो. माझी आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकते. लगेच फोन लावला.

“आई, सुके बोंबील आण. सगळ्यांना पुरतील एवढे. वनीची पाळी आहे.”

आई पलीकडून खेकसली, “मेल्या, असं फोनवर ओरडून सांगतात होय? आणि बोंबील कशाला त्याला?”

अंधार पडायच्या आत आई कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आली. मांडीवर टोपली. वनीने बोंबील निवडले, आईने फक्त चिंच किती ते सांगितलं. आई एकदा मीठ घालायला पुढे झाली तर वनी म्हणाली, “नाय मावशी, माझी पाळी हाय.” आई गुपचूप मागे सरली. आमच्या घरात असं कोणी करू शकत नाही.

वाढलंही वनीनेच. सर शाकाहारी. त्यांनी भात-लोणचं खाल्लं, तेही तिने वाढलेलं. मला वाढताना ती थांबली.

“मीठ बरोबर हाय?”

जरा जास्त होतं. मी म्हणालो, “बरोबर आहे.”

सकाळी मी तंबू सोडत होतो. वनी आणि तिच्या मागे सगळी मुलं येऊन उभी राहिली. चेहरे गंभीर.

“दादा, आज तुमची पाळी हाय.”

या वेळी मी दोरी सोडली नाही. आधी विचारलं, “कसली?”

“भांड्यांची.”